निमाईदांच्या डोक्यात उरलेले नऊ नियम

निवृत्त बाईला लोक दोन प्रश्न विचारतात. आता वेळ कसा जातो, आणि तुम्ही नक्की काय काम करत होता? पहिल्याचं उत्तर मी अजून शोधते आहे. दुसऱ्याचं उत्तर, निदान शेवटच्या तीन वर्षांपुरतं, असं की मी एआयसाठी प्रॉम्प्ट लिहीत होते. एवढं सांगितलं की आमच्या कोलकात्यातल्या मराठी मंडळींपैकी समोर जी कोणी असेल ती आदराने मान डोलावते आणि विषय चकल्यांच्या भाजणीवर नेते.

पुण्याची भाची मात्र या विषयात भलतीच उत्साही. 'हे दहा प्रॉम्प्ट वापरा आणि घरबसल्या सॉफ्टवेअर बनवा' असल्या याद्या ती मला पाठवत असते, जणू काही मंत्र पुटपुटला की पलीकडून प्रोग्राम प्रसादासारखा हातावर पडणार. मंत्रबिंत काही नसतं. समजा, तुमच्याकडे नवी स्वयंपाकीण आली. जगातला कुठलाही पदार्थ तिला येतो, ती दमत नाही, उलटून बोलत नाही. पण तुमच्या सासऱ्यांना मीठ वर्ज्य आहे हे तिला ठाऊक नाही. तुम्ही नुसतं 'आमटी कर' म्हणालात तर ती झकास आमटी करेल आणि सासरे दवाखान्यात जातील. त्यात तिचा काय दोष? प्रॉम्प्ट लिहिणं म्हणजे ओट्याशी उभं राहून त्या बाईला आपलं घर समजावून सांगणं. हे मला पुस्तकातून कळलं नाही. त्यासाठी एका आजारी बाईंना नदीच्या धक्क्यावर रात्र काढावी लागली, आणि ती चूक माझी होती.

माझे वडील रेल्वेच्या नोकरीत गार्डन रीचला बदलून आले आणि इथेच राहिले. माझा जन्म इथला, शाळा इथली. घरात मराठी, रस्त्यात बंगाली, ऑफिसात इंग्रजी, आणि राग आला की तिन्हींची खिचडी. सॉल्ट लेकमधल्या एका छोट्या कंपनीत मी आयुष्य काढलं. आमची कंपनी डायलिसिस सेंटरसाठी सॉफ्टवेअर बनवते. ज्यांची मूत्रपिंडं निकामी झालेली असतात त्यांना आठवड्यातून दोन-तीनदा, दरवेळी चार-चार तास, रक्त शुद्ध करणाऱ्या यंत्राला जोडून घ्यावं लागतं. यंत्रं थोडी, पेशंट पुष्कळ. म्हणून दिवसाच्या तीन शिफ्ट करतात. कोणी कुठल्या दिवशी, कुठल्या शिफ्टला, कुठल्या यंत्रावर बसायचं, हे आमचा प्रोग्राम ठरवतो. ऐकायला सोपं वाटतं. मलाही वाटायचं.

हा प्रोग्राम पहिल्या ओळीपासून लिहिला होता निमाईदांनी. माझ्याहून तीनेक वर्षांनी मोठे, बारीक अंगाचे, उन्हाळ्यातसुद्धा पूर्ण बाह्यांचा शर्ट. रोज बराकपूरहून गाडीने सियालदा, तिथून बस. ते खरं म्हणजे माझ्या आधीच निवृत्त झाले होते. पण त्यांच्याशिवाय तो प्रोग्राम कोणाला उलगडत नव्हता, म्हणून कंपनी दर वर्षी त्यांचं कंत्राट वाढवत होती. ते मला दीदी म्हणत, मी त्यांना निमाईदा. बंगाल्यांत हे चालतं. दोघंही एकमेकांना मोठेपणा देऊन टाकतात.

त्यांचा एकच दोष होता, म्हणजे मला तेव्हा तो दोष वाटायचा. कोडमधल्या कुठल्याही ओळीवर बोट ठेवून 'हे कशाला?' विचारलं की ते चष्मा काढून टेबलावर ठेवत आणि म्हणत, "ओटार एकटा गॉल्पो आछे, दीदी." म्हणजे, त्याची एक गोष्ट आहे. मग चहा यायचा. गोष्ट कुठल्या तरी सेंटरच्या गळक्या नळापासून निघून कोणाच्या तरी मुलीच्या लग्नावरून वळसा घालून त्या ओळीपर्यंत यायची. मी मुद्द्याचं बोला म्हणणाऱ्या घरातली. शहाण्याला शब्दाचा मार, हे आमच्या वडिलांचं ब्रीद. मी म्हणायचे, "निमाईदा, ही ओळ लागते की नाही, एवढंच सांगा." ते चष्मा परत लावायचे आणि म्हणायचे, "लागते." त्यांचा चेहरा थोडा उतरायचा. मला वाटायचं, चला, अर्धा तास वाचवला.

एआय आलं तेव्हा आमच्या मॅनेजरने, देबांजनने, ते काम मला दिलं. देबांजन वयाने माझ्या जावयाएवढा, स्वभावाने वाईट नाही. माझी टिपणं आटोपशीर असतात, म्हणून त्याला वाटलं मी प्रॉम्प्टही चांगले लिहीन. मलाही तसंच वाटलं. माझे पहिले प्रॉम्प्ट दोन ओळींचे असत आणि त्याचा मला अभिमान होता.

एके दिवशी मी शिफ्ट ठरवणारी जुनी फाइल एआयला दिली. सातशेच्या वर ओळी, अटींवर अटी. मी लिहिलं, 'हे सुटसुटीत कर. अनावश्यक खास अटी काढून टाक. सोबत दिलेल्या नमुना पेशंटवर उत्तर तेच आलं पाहिजे.' दोन मिनिटांत सातशेच्या दोनशे ओळी झाल्या. नमुन्यांवर उत्तर तंतोतंत तेच. मी इतकी खूष झाले की उत्तराचा शेवटचा परिच्छेद नीट वाचलाच नाही. त्यात एआयने स्वच्छ लिहिलं होतं की सात पिन कोडची एक यादी मी काढली आहे, तिचं कारण कुठे नोंदवलेलं नाही, कृपया खात्री करून घ्या. निमाईदा माझ्यापासून तीन खुर्च्या सोडून बसले होते. मी विचारलं असतं तर गोष्ट सुरू झाली असती. मी विचारलं नाही.

पुढच्याच आठवड्यात नदीमुखाकडच्या एका सेंटरमधून टेक्निशियनचा फोन आला. पलीकडच्या बेटावरून येणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंना प्रोग्रामने तिसरी शिफ्ट दिली. त्या यंत्रावरून उठेपर्यंत बेटाकडे जाणारी शेवटची होडी, तिकडे तिला भटभटी म्हणतात, निघून गेली होती. डायलिसिसनंतर माणूस चिपाडासारखा होतो. तशा अवस्थेत त्या आणि त्यांची सून सकाळच्या होडीपर्यंत धक्क्यावर बसून राहिल्या. ते सात पिन कोड बेटांचे होते. तिथल्या माणसांना तिसरी शिफ्ट कधीच द्यायची नाही, एवढंच ती यादी सांगत होती. माझ्या नमुन्यांत बेटावरचा एकही माणूस नव्हता.

निमाईदांनी यादी परत घातली. मी त्यांच्या खुर्चीशी जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "निमाईदा, मला त्या होडीची गोष्ट सांगा." त्यांनी चष्मा काढला.

त्या दिवसापासून जेवणानंतरचा एक तास आमचा ठरला. ते गोष्ट सांगत, मी एका फाइलमध्ये लिहीत जाई: नियम काय, का केला, आणि मोडला तर त्रास कोणाला. एका सेंटरमध्ये दोन पेशंटमध्ये यंत्र धुवायला अर्ध्याऐवजी पाऊण तास ठेवलेला, कारण तिथला पाणी शुद्ध करणारा संच जुना होता. हावड्याच्या सेंटरमधल्या दोन पेशंटना शेजारशेजारच्या यंत्रांवर बसवायचं नाही, अशी एक अट होती. ते सख्खे भाऊ. घराच्या वाटणीवरून कोर्टात गेलेले, आणि एकमेकांना पाहिलं की दोघांचंही ब्लडप्रेशर चढायचं. त्यातला एक पुढे वारला. मी म्हटलं, मग ही अट आता काढू या? निमाईदा म्हणाले, "राहू दे, दीदी. दुसरा अजून त्या यंत्राकडे पाठ करूनच बसतो." तीही अट मी कारणासकट लिहून ठेवली.

आता मी प्रॉम्प्टच्या सुरुवातीला ही फाइल जोडू लागले. काय हवंय ते सांगायचं, का हवंय ते सांगायचं, कशाला हात लावायचा नाही ते सांगायचं, एक उदाहरण खरं द्यायचं आणि एक अडचणीचं. आणि शेवटी लिहायचं की शंका आली तर मनाने ठरवू नकोस, मला विचार. एवढीच माझी विद्या. प्रॉम्प्ट दोन ओळींचे दोन पानी झाले आणि कामात जमीन-अस्मानाचा फरक पडला. देबांजनने मला सगळ्यांसमोर उभं करून भाषण द्यायला लावलं. पोरं मला प्रॉम्प्टदीदी म्हणू लागली. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडलं. भाषणात मी निमाईदांचं नाव घेतलं, पण उठून उभं राहायला त्यांना सांगितलं नाही.

मग एकदा देबांजनने मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, निमाईदांच्या डोक्यात अजून किती उरलंय?"

असंच विचारलं. विहिरीत पाणी किती उरलंय असं विचारावं तसं. त्याच्यासमोर एक तक्ता होता. माझ्या फाइलवरूनच बनवलेला, सगळे नियम ओळीने, पुढे 'मिळालं' किंवा 'बाकी'. बाकीचा रकाना रिकामा झाला की निमाईदांचं कंत्राट वाढवायचं नाही, असं वरून ठरलं होतं. "त्यांना बोलू नका," तो म्हणाला, "उगीच त्यांना वाईट वाटेल." त्याचा आवाज खरोखर कळवळ्याचा होता.

मी निमाईदांना बोलले नाही. माझी स्वतःची दीड वर्षं उरली होती, आणि त्यांच्यानंतर कोणाचं नाव निघेल हे न कळण्याइतकी मी भोळी नव्हते. वर मनाला समजावलं की पेशंटचं भलं यातच आहे. तेही खोटं नव्हतं, म्हणूनच ते समजावणं इतकं सोपं गेलं. रोज दुपारी मी वही उघडून त्यांच्यासमोर बसायचे, हसायचे, चहा मागवायचे. एकेक गोष्ट ऐकून घ्यायचे आणि त्यांच्या पायाखालची एकेक वीट काढून न्यायचे. आयुष्यात मी इतकं मन लावून कोणाचं ऐकलं नव्हतं.

नऊ नियम उरले आणि निमाईदांच्या गोष्टी लांबू लागल्या. मध्येच थांबायचे. "बाकीटा काल बोलबो," उरलेलं उद्या सांगतो, म्हणायचे आणि उद्या दुसरंच काही काढायचे. हे नऊही नियम दुर्गापूजेचे होते. पूजेच्या पाच दिवसांत दुपारनंतर अर्धे रस्ते गाड्यांना बंद होतात, मंडपांपुढे माणसांचे लोंढे, अँब्युलन्ससुद्धा अडकते. कुठल्या सेंटरची कुठली शिफ्ट बंद ठेवायची, कोणाला सकाळी हलवायचं, कोणाला पंचमीलाच उरकून घ्यायचं म्हणजे दोन डायलिसिसमध्ये फार दिवस जाणार नाहीत, हे सगळं एकट्या निमाईदांना ठाऊक होतं. त्या पाच दिवसांपुरता प्रोग्राम बाजूला ठेवून ते सगळ्या सेंटरची यादी घरून, हाताने करत. कोडमध्ये त्या जागी एकच ओळ होती: 'पूजा. निमाई पाहील.'

त्या वर्षीची पूजाही त्यांनी तशीच पार पाडली. पण देबांजनच्या तक्त्यात नऊ ओळी तशाच होत्या आणि तो मला रोज विचारत होता. मी निमाईदांवर एकदा चिडलेसुद्धा. म्हटलं, "किती ताणता हो!" ते माझ्याकडे बघत राहिले. त्या बघण्यात मला कळलं की यांना सगळं माहीत आहे. कधीपासून, ते मी आजवर विचारलेलं नाही.

तशात दिवाळी आली. आपली भाऊबीज आणि बंगाल्यांचा भाईफोंटा एकाच दिवशी. माझा सख्खा भाऊ नाशिकला असतो, त्याला मी फोनच्या पडद्यावर ओवाळते. त्या वर्षी निमाईदांच्या बायकोचा, बौदींचा, फोन आला की तुम्ही दुपारी आमच्याकडे या, ह्यांना फोंटा द्या, म्हणजे टिळा लावा. इतक्या वर्षांत कधी बोलावलं नव्हतं. मी बराकपूरला गेले. बौदींनी आसन मांडलं होतं, चंदन उगाळून ठेवलं होतं. त्यांच्या पद्धतीप्रमाणे मी डाव्या हाताच्या करंगळीने निमाईदांच्या कपाळावर तीनदा चंदन लावलं, आणि मग आपल्या पद्धतीने निरांजन घेऊन ओवाळलं. निमाईदा लहान मुलासारखे डोळे मिटून बसले होते.

मग त्यांनी आसनाखालून एक पाकीट काढून तबकात ठेवलं. ओवाळणी. उघडलं तर आत नऊ कागद. एकेका कागदावर एकेक नियम, सुवाच्य अक्षरात, आणि खाली माझ्याच पद्धतीने लिहिलेलं: का केला, मोडला तर त्रास कोणाला.

मी म्हटलं, "हे मी घेणार नाही."

"घ्यावं लागतं, दीदी. फोंट्याचं परत करत नाहीत."

"निमाईदा, हे दिलं की ते तुम्हाला..."

"पुढच्या पूजेला मी असेन, नसेन," ते म्हणाले. "पेशंट तर असतीलच ना? माझ्या नोकरीसाठी मी त्यांना वाटेत अडकवून ठेवू?"

मग त्यांनी बौदींना लुची, म्हणजे मैद्याच्या पुऱ्या, आणायला सांगितलं. मी खाल्ल्या. रडत रडत सहा लुची खाल्ल्या, कारण ताटात टाकलं तर बौदींना वाईट वाटलं असतं.

ते नऊ कागद घेऊन मी माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा प्रॉम्प्ट लिहिला. अकरा पानं. एआयने काम सुरू करण्याआधी चार प्रश्न विचारले. त्यातला एक निमाईदांकडून लिहायच्या राहिलेल्या एका कारणाबद्दल होता: अष्टमीला सकाळची शिफ्ट एक तास आधी का घ्यायची? देवीला फुलांची अंजली वाहण्यासाठी पेशंटचे नातेवाईक मंडपात जातात आणि सोबतीला कोणी उरत नाही, हे कारण आहे का? निमाईदा माझ्या मागे उभे राहून वाचत होते. त्यांनी खुर्ची ओढली, बसले, आणि ते प्रश्न परत एकदा वाचले.

"याला अक्कल आहे," ते म्हणाले. "काम बिघडायच्या आधी 'का' असं मला इतक्या वर्षांत कोणी विचारलं नव्हतं."

मी तिथेच बसले होते. त्यांनी ते मला लागावं म्हणून म्हटलं नव्हतं, त्यांचा तो स्वभावच नव्हता. पण लागलं ते लागलंच, अजून दुखतं. तक्त्यात शेवटची ओळ 'मिळालं' झाली. वर्ष संपलं. निरोप समारंभात शिंगाडे म्हणजे सामोसे, संदेश नावाची मिठाई आणि एक शाल. देबांजनचं भाषण चांगलं झालं. निमाईदांना बोलायला सांगितलं तर त्यांनी हात जोडले. ज्या माणसाकडे प्रत्येक ओळीची गोष्ट होती, त्याच्याकडे त्या दिवशी एकही नव्हती.

पुढची पूजा आली तेव्हा मी ऑफिसात शेवटचे महिने मोजत होते. पंचमीपासून मी प्रत्येक यादी दोन-दोनदा तपासत होते. षष्ठी गेली, सप्तमी गेली. प्रत्येक सेंटरची यादी बरोबर निघाली. कोणी अडकलं नाही, कोणाची पाळी चुकली नाही. दशमीला देबांजनने सगळ्यांना पेढे वाटले. माझी छाती अभिमानाने भरून आली, आणि पहिला विचार आला की हे निमाईदांना सांगायला हवं.

दशमीला विसर्जनानंतर इथे विजया करतात, मोठ्यांच्या घरी जाऊन नमस्कार करायचा, मिठाई द्यायची. त्याच संध्याकाळी मी बराकपूरला गेले. निमाईदा पुढच्या खोलीत बसले होते. पूर्ण बाह्यांचा शर्ट, पँट, पायात मोजेसुद्धा. शेजारी स्टुलावर फोन. वर्षभरात मानेच्या शिरा वर आल्या होत्या. मी वाकून नमस्कार केला आणि बसायच्याही आधी सांगून टाकलं. "निमाईदा, पाच दिवसांत एक चूक नाही! तुमचे नऊच्या नऊ नियम बरोबर चालले. कोणाला एक फोन करावा लागला नाही!"

"खूब भालो," ते म्हणाले. "खूब भालो, दीदी." मग उठले, फोन उचलून खिशात ठेवला आणि कपडे बदलायला आत गेले.

बौदी दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्या हातातला मिठाईचा डबा घेतला. आतल्या खोलीकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "षष्ठीपासून सकाळी आंघोळ करून, असे कपडे घालून बसत होते. मंडपात चला म्हटलं तर म्हणायचे, सेंटरचा फोन येईल, मी घरी हवा." त्या थोडा वेळ डब्याची दोरी सोडवत राहिल्या. "दीदी, तुम्ही एक तरी चूक ठेवायची होतीत. एवढीशी. फोन करण्यापुरती."